बुबुळावरच्या लाल रेघा

कापूस वेचून संपला की खानदेशात पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते. वाळलेली पऱ्हाटी वाकलेल्या माणसाच्या नेमकी डोळ्याच्या उंचीला येते. त्याच्या मागेपुढे ज्वारीची सोंगणी, मका सोलणं, तुरी झोडपणं, रावेर-यावलकडे केळीची वाळकी पानं कापणं. यातल्या कुठल्याही कामात काडी, कूस नाहीतर पात्याची कड डोळ्याला लागू शकते. लागते तेव्हा विशेष काही वाटत नाही. पाणी येतं, चुरचुरतं, माणूस पदरानं नाहीतर उपरण्यानं डोळा चोळतो आणि पुढची ओळ धरतो. तीन-चार दिवसांनी उजेड सोसवेनासा झाला की स्टँडजवळचं मेडिकल गाठायचं. "भाऊ, डोयामा काडी गयी, थेंब दे ना काहीतरी." भाऊ कपाटातून एक बाटली काढून देतो. त्या बाटलीकडे परत यायचंच आहे. आधी पाहू, अशा डोळ्यात काही आठवड्यांनी काय दिसतं ते. मध्ये पांढुरकं फूल पडलेलं असतं आणि कडेकडून त्याच्या दिशेनं सरकत आलेल्या बारीक लाल रेघा असतात.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, पारपटल. मधोमध जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, रुंदी साडेअकरा-बारा मिलिमीटर. एवढ्या जागेत नसा इतक्या दाट की कुसळ गेलं तरी जीव कासावीस होतो, पण रक्तवाहिनी एकही नाही. प्राणवायू अश्रूंच्या थरातून मिळतो, पोषण मुख्यतः डोळ्याच्या आतल्या पाण्यातून. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्तवाहिन्या भरपूर असतात, पण काळ्या-पांढऱ्याच्या कडेला येऊन त्या थबकतात. का थबकतात, याचं एक मोठं उत्तर २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं. शरीरात नवी रक्तवाहिनी फुटायला व्हीईजीएफ नावाचं प्रथिन लागतं. भारतीय वंशाचे नेत्रतज्ज्ञ जयकृष्ण अंबाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कॉर्निया स्वतःच एक रेणू तयार करतो आणि तो या व्हीईजीएफला पकडून निकामी करतो. उंदरांमध्ये तो रेणू हटवला की वाहिन्या आत शिरल्या. निसर्गातही पुरावा सापडला. मॅनेटी नावाच्या समुद्री प्राण्याच्या कॉर्नियात मुळातच रक्तवाहिन्या असतात, आणि त्यात हा रेणू नाही. तिचे भाईबंद ड्युगाँग आणि हत्ती, त्यांच्याकडे रेणू आहे आणि कॉर्निया स्वच्छ.

काडी लागली, जंतू शिरले, सूज आली की हे गणित बिघडतं. जखमेकडे धावलेल्या पेशी आणि जखमी कॉर्निया मिळून इतकं व्हीईजीएफ सोडतात की पहारा अपुरा पडतो आणि कडेच्या वाहिन्यांना कोंब फुटतात. हे कोंब कच्चे असतात, पाझरतात. त्यातून पाणी झिरपून कॉर्निया सुजतो, पुढे चरबीचा पिवळट थर साचतो, नजर आणखी मंदावते.

तरीही या रेघा दिसल्या की लगेच मारायच्या, असं नसतं. व्रण खोल गेलेला आहे, कॉर्निया पातळ होत चाललाय, फुटतो की काय अशी भीती आहे, आणि अशा वेळी कडेनं एक वाहिनी व्रणापर्यंत पोचली तर डॉक्टर सुटकेचा श्वास टाकतात. तिच्यातून भरून यायला लागणारी सामग्री येते. अशा दिवसांत वाहिन्या बंद करणारं औषध घालणं म्हणजे मदत अडवणं. बेव्हॅसिझुमॅब या अशाच औषधाचे थेंब दीर्घकाळ वापरलेल्या काही रुग्णांत कॉर्नियाची वरची त्वचा सोलवटली, पडदा पातळ झाला, हे अभ्यासांत नोंदलेलं आहे. माझ्या मते या सगळ्या उपचारात औषधाच्या नावापेक्षा ते कधी द्यायचं हा प्रश्न मोठा आहे, आणि खानदेशात नेमका तोच चुकतो.

आता ती बाटली. मेडिकलवर 'लाल डोळ्याचे थेंब' म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. गंमत अशी की बुबुळातल्या वाहिन्या आवरणारं सगळ्यात जुनं, स्वस्त आणि आजही पहिलं औषध स्टिरॉइडच आहे. सूज उतरली की व्हीईजीएफ उतरतं, कोंब सुकतात. पण काडीनं झालेल्या जखमेत अनेकदा बुरशी असते, फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस. त्यावर स्टिरॉइड पडलं की दोन दिवस ठणका कमी होतो, लाली जाते, माणूस खुश होतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. आठवड्याभरानं जो डोळा घेऊन तो येतो, तो पाहून नेत्रतज्ज्ञ आधी विचारतात, "आप्पा, ती बाटली आणलीय का बरोबर?"

बुरशी आहे की नाही हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. डोळा बधिर करून व्रणाच्या कडेचं किंचित खरवडून काचपट्टीवर घ्यायचं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ पासून सुरू आहे. नेत्रविभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग एकाच आवारात असले की ही तपासणी त्याच दिवशी होऊ शकते. बुरशी निघाली तर नाटामायसिनचे थेंब. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागानं दक्षिण भारतात झालेल्या चाचणीत, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नाटामायसिन हे नव्या आणि महाग व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, फ्युझेरियममध्ये तर विशेष. त्याच्याही आधीचा टप्पा नेपाळमधल्या भक्तपूरनं दाखवला. गावातल्या आरोग्यसेवकांनी डोळा खरचटलेल्यांना साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं. जखम झाल्यापासून अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. आपल्याकडे आशाताई प्रत्येक गावात आहेत. मलमाची ट्यूब त्यांच्या पिशवीत का असू नये, हे मला कधीच समजलेलं नाही.

वाहिन्या बंद करणाऱ्या त्या बेव्हॅसिझुमॅबचा जन्म डोळ्यासाठी झालेला नाही. अमेरिकी सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की गाठ वाढते ती स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेऊन. पुढे ते पाहण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेनं सशाच्या डोळ्याचा कॉर्निया वापरला. पारदर्शक आणि वाहिन्या नसलेली जागा, तिथे गाठीचा तुकडा ठेवला की वाहिन्या त्याच्याकडे येताना उघड दिसतात. १९८९ मध्ये व्हीईजीएफची ओळख पटली आणि २००४ मध्ये त्याला बांधणारं बेव्हॅसिझुमॅब मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं. दुसऱ्याच वर्षी ते डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या आजारात वापरलं जाऊ लागलं, आणि थोड्याच काळात कॉर्नियासाठीही. ज्या कॉर्नियाच्या खिडकीतून ही कल्पना पडताळली गेली, तिथेच औषध परत आलं. हे मला फार आवडतं.

कॉर्नियासाठी या औषधाला स्वतंत्र परवाना नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, संमती घेऊन देतात. नातेवाईक बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधतात, 'कॅन्सर' वाचतात आणि घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात नाही, पण विचारण्यासारखं आहे. एका बाटलीत चार मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम औषध असतं आणि बुबुळाच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्याखाली टोचतात ते बहुधा अडीच मिलिग्रॅम, म्हणजे एक दशांश मिलिलिटर. हिशेबानं एका बाटलीत चाळीस डोस. म्हणून ते परवडतं, आणि म्हणूनच बाटली कुठे, किती स्वच्छ जागी वाटली गेली हे महत्त्वाचं ठरतं. २०१६ च्या सुरुवातीला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला होता आणि त्याच वर्षी मागेही घेतला. टोचणं थेंबांनी बधिर करून होतं. नंतर पांढऱ्यावर रक्ताचा लाल डाग दिसतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्यांना आणि गरोदर बाईला डॉक्टर हे औषध शक्यतो टाळतात.

उपयोग कितपत होतो? कोवळं तण खुरप्यानं निघतं, हराळी माजली की कुदळ लागते. नवी वाहिनी व्हीईजीएफच्या जोरावर जगते, ते काढून घेतलं की सुकते. जुन्या वाहिनीभोवती आधारपेशींचं अस्तर तयार झालेलं असतं, तिला या इंजेक्शनचं फारसं काही वाटत नाही. तिथे बारीक सुईनं वाहिनी डागून बंद करतात, नाहीतर लेझर. कोणती वाहिनी कसली, हे डॉक्टरांच्या कागदावर दिसतं. बुबुळाचं गोल चित्र काढून रंगीत पेन्सिलींनी भरायची पद्धत आहे. व्रणाची उघडी जागा हिरवी, फूल काळं, सूज निळी, पू पिवळा, रक्तवाहिन्या लाल. वरच्या थरातली वाहिनी नागमोडी आणि फाटे फुटलेली काढतात, ती कडेच्या बाहेरून आत येते. खोल थरातली सरळ, आणि ती कडेपासूनच सुरू होते. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखाली भिंग वाढवलं तर आतून सरकणाऱ्या रक्तपेशीसुद्धा दिसतात. उपचार लागू पडला की रक्त थांबतं, पण रिकामी नळी राखाडी रेघेसारखी राहते. पुन्हा सूज आली तर तीच नळी काही दिवसांत भरते. म्हणून एका इंजेक्शनवर काम संपलं असं धरायचं नसतं.

एक दुखापत मात्र या औषधाला दाद देत नाही. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मूल हातात दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात जातो. चुना क्षार असल्यानं आत आत जाळत जातो आणि बुबुळाच्या कडेवरच्या मूळपेशी मारतो. त्या गेल्या की वाहिन्यांसकट पांढऱ्याचा पापुद्रा बुबुळावर चढतो. तिथे कितीही बेव्हॅसिझुमॅब टोचा, मूळपेशी परत येत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन लावतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत विरेंदर सांगवान यांनी यासाठी बसवलेली सोपी पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिली मदत घरातच होते. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्यानं, पापणी उघडी धरून, अर्धा तास डोळा धुवायचा, चुन्याचे कण काढायचे, मग रिक्षा शोधायची. जगातलं माणसावरचं पहिलं यशस्वी कॉर्नियारोपणही चुन्यानं भाजलेल्या मजुरावरच झालं. डिसेंबर १९०५ मध्ये, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे, एडुआर्ड झिर्म यांनी केलेलं.

रोपणाचा आणि लाल रेघांचा संबंध थेट आहे. दुसऱ्याचा कॉर्निया शरीर सहसा स्वीकारतं, कारण तिथे रक्त पोचत नाही. वाहिन्या असतील तर शरीराचे पहारेकरीही पोचतात. चार भागांपैकी दोन किंवा जास्त भागांत खोल वाहिन्या असतील तर रोपण जोखमीचं धरतात. राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात (२०१५-१९) पन्नाशीच्या आतल्या अंधांमध्ये कॉर्नियाचं फूल हे सगळ्यात मोठं कारण निघालं, सुमारे ३७ टक्के. कमावत्या वयाची माणसं ती. म्हणून रोपणाआधी इंजेक्शन देऊन, डोळा काही महिने शांत ठेवून, मग शस्त्रक्रिया करायचा प्रघात वाढतोय.

त्यानंतरही धोका टाक्यांत असतो. केसाहून बारीक नायलॉनचा टाका सैल झाला की त्याच्याभोवती चिकट स्राव जमतो आणि कडेची वाहिनी थेट त्याच्या रोखानं निघते. सैल टाका काढायला स्लिट लॅम्पसमोर दोन-तीन मिनिटं पुरतात. साक्री किंवा चोपड्याहून येणाऱ्याला मात्र त्यासाठी एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो, एसटीचं भाडं वेगळं, आणि सोंगणीच्या दिवसांत नेमकी तीच खेप चुकते.