बदलीचा हुकूम आपणच काढायचा

मुनिरक्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये सात काळ्या ट्रंका होत्या. नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम यायचा आणि त्या निमित्ताने सामान चाळलं जायचं. निवृत्तीनंतर हुकूम थांबले, पसारा साचला.

वडील गेले तेव्हा साताऱ्याचं घर मी चार दिवसांच्या रजेत रिकामं केलं. त्यांची पत्रं न वाचताच रद्दीत गेली. ती चुटपुट अजून आहे. माझ्या मुलीवर तशी वेळ येऊ नये, म्हणून मीच आवरायला बसलो.

तीन ढीग केले: वापरातलं, देण्याजोगं, टाकाऊ. चांगले कपडे ‘गूंज’ला दिले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था कपडे दान म्हणून वाटत नाही. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि मोबदल्यात कपडे घेतात. द्यायचं ते घेणाऱ्याचा मान राखून, हे मी त्यातून शिकलो.

गणवेश मात्र असा देता येत नाही. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तो घालणं गुन्हा आहे. म्हणून बिल्ले काढून ठेवले आणि कापडाला कात्री लावली. हात थरथरला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी त्यात हुद्दा जपून ठेवला होता.

आता एकच ट्रंक उरली आहे. तिच्यात पदकं आणि पत्रं, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी जोडलेली. मुलीला काही शोधावं लागणार नाही.

या रविवारी तुम्हीही एकच पेटी उघडा. जय हिंद.