बोरघाटातली मगर

विजेचं इंजिन म्हटलं की डोळ्यांसमोर चौकोनी डबा येतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने 1928 साली घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेलं इंजिन या कल्पनेत बसतच नाही. मधोमध खिडक्यांची एक खोली, तिच्या दोन्ही अंगांना पुढे आलेली लांबट, बुटकी तोंडं आणि त्या तोंडांखाली जाड पोलादी दांड्यांनी एकमेकांशी जखडलेली चाकं. पुढून बघा, मागून बघा, ते तुमच्याकडेच निघाल्यासारखं दिसतं. रेल्वेच्या कागदांवर त्याचं नाव ‘ईएफ/1’, पुढे ‘डब्ल्यूसीजी-1’. जगभरचे रेल्वेवेडे त्याला मगर म्हणतात. आपल्याकडच्या कामगारांनी मात्र त्याला खेकडा ठरवलं.

गंमत अशी, की मगरीसारखं इंजिन करायचं असं कुणाच्याही मनात नव्हतं. ते तोंड डोंगराने काढलं.

हे घराणं मूळचं स्वित्झर्लंडचं. पहिल्या महायुद्धात या देशाची कोळशावाचून कोंडी झाली. कोळसा बाहेरून येणार, आणि बाहेर तर युद्ध पेटलेलं. घरात मुबलक होतं ते डोंगरातून कोसळणारं पाणी. त्या पाण्यावर वीज करायची आणि विजेवर गाड्या चालवायच्या, असा निर्णय झाला. आल्प्समधला गोटहार्ड मार्ग हाती घेतला गेला. तिथला चढ मोठा कठीण, दर हजार मीटरला 26-27 मीटर. त्यावरून जड मालगाडी ओढायची तर ताकदवान मोटर हवी, आणि तेव्हाच्या ताकदवान मोटरा अवाढव्य असत. चाकांच्या मधल्या जागेत त्या मावेनात. मग त्या वर, चाकांच्या माथ्यावर बसवल्या आणि एका लांबट पेटीने झाकल्या. तेच मगरीचं नाक. पुढे दोन मोटरा, मागे दोन, आणि मधल्या खोलीत ट्रान्सफॉर्मर व ड्रायव्हर.

आता अडचण वळणांची. एवढं लांब इंजिन एकसंध केलं तर डोंगरातल्या वळणावर ते रुळांवर टिकणारच नाही. म्हणून त्याचे तीन भाग केले आणि ते सांध्यांनी जोडले. दोन्ही नाकं आपापल्या चाकांसह वळतात आणि मधली खोली त्यांच्यावर रेलून जाते. वळणावरची छायाचित्रं पाहा, पुढचं नाक एकीकडे, मागचं दुसरीकडे, मधलं धड तिसऱ्याच दिशेला. मगरीचा भास खरा होतो तो तिथे. नाकं बुटकी ठेवल्यामुळे ड्रायव्हरला त्यांच्यावरून पुढचा रूळही दिसे. विंटरथूरचा इंजिन-कारखाना आणि ओर्लिकोनची विद्युत कंपनी यांनी मिळून 1919 ते 1922 या काळात अशी 33 इंजिनं बांधली. नंतर थोडा फरक करून आणखी 18 निघाली.

आणि आपला बोरघाट? त्याचा चढ 1:37, म्हणजे हजार मीटरला साधारण 27 मीटर. कसाऱ्याच्या थळघाटाचाही तेवढाच. आल्प्स आणि सह्याद्री यांचं वय वेगळं, खडक वेगळा, पाऊस तर विचारूच नका. पण इंजिनाच्या चाकाला विचारलं तर त्याला दोन्हीकडे एकच उत्तर द्यावं लागतं. म्हणून मुंबईहून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे वीज नेताना मालगाड्यांसाठी हाच आराखडा आला, यात नवल नाही. 41 इंजिनांपैकी पहिली 10 विंटरथूरच्याच कारखान्यातून आली, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने बांधली.

नुसती नक्कल मात्र झाली नाही. स्विस मगरीच्या दोन्ही टोकांना वाट दाखवणारी छोटी चाकं आहेत, आपल्या मगरीला ती नाहीत. तिची बाराच्या बारा चाकं ओढणारी, सगळं वजन कामाला लावलेलं. आपली वीज 1500 व्होल्टची डीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचीही गरज नव्हती. तरी देह तसाच राहिला, कारण मोटरा आणि वळणं तशीच होती. घाट उतरताना याच मोटरा उलटं काम करत. गाडीचं वजन चाकं फिरवी, चाकं मोटरा फिरवीत आणि तयार झालेली वीज परत वरच्या तारेत जाई. उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला हात द्यावा, ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बोरघाटात रोजच्या कामात होती!

त्या दांड्यांकडे जरा थांबून बघायला हवं. मोटर गोल फिरते, चाकही गोल फिरतं, मग मधे वाफेच्या इंजिनासारख्या दांड्या कशाला? कारण मोटर वर आणि चाक खाली. तिचा जोर आधी दात्यांमधून एका मधल्या आसाला मिळे आणि तिथून दांड्या तो तिन्ही चाकांना वाटत. एखादं चाक ओल्या रुळावर घसरायला लागलं तरी बाकीची दोन त्याला धरून ठेवत. सह्याद्रीतला आषाढ ज्याने पाहिला आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. उभं असताना हे इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी आणि धावताना दांड्यांचा सूं-सूं आवाज येई, असं जाणकारांनी नोंदवलं आहे.

एकदा ही नजर आली, की जुन्या इंजिनांचा प्रत्येक उंचवटा बोलू लागतो. वाफेच्या इंजिनाच्या पाठीवरचा घुमट घ्या. बॉयलरमध्ये पाणी उकळत असतं. वाफ खालून घेतली तर तिच्यासोबत पाणीही सिलिंडरमध्ये शिरेल, म्हणून ती सगळ्यात उंच जागेवरून, घुमटातून घ्यायची. अमेरिकी इंजिनांवर असाच दुसरा घुमट दिसतो, आणि त्यात काय असेल? वाळू! चाक घसरलं की रुळावर सोडायला. ती बॉयलरच्या पाठीवर ठेवायची, कारण खालच्या उबेने ती कोरडी राहते.

धुराड्याची कथा तर अख्ख्या शतकाची आहे. स्टीफन्सन पितापुत्रांच्या 1829 मधल्या ‘रॉकेट’चं धुराडं उंच काठीसारखं. पुढे जास्त ताकदीसाठी बॉयलर फुगत गेले, पण पूल आणि बोगद्यांची उंची बांधलेलीच राहिली. मग बॉयलर वर सरकला आणि धुराडं खाली दबलं. शेवटच्या मोठ्या इंजिनांवर ते जेमतेम वीतभर डोकावतं. धुराड्याच्या उंचीवरून इंजिनाचं वय ढोबळमानाने ओळखता येतं ते यामुळेच.

माथेरानच्या इंजिनांनी वळणांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. 1907 साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गावर 1:20 चा चढ आणि वळणांवर वळणं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची ती सहा चाकी इंजिनं दिसायला खेळण्यासारखी. त्यांची करामत पोटाखाली होती. पुढचा आणि मागचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा आस, त्यामुळे टोकाची चाकं वळणाबरोबर थोडी तिरपी होत. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि तरी त्या इंजिनाचा आटोपशीर बांधा त्यातूनच आला आहे.

सगळेच आकार असे गरजेतून आले, असं मात्र म्हणता येत नाही. 1930 च्या दशकात वेगाची हौस शिगेला पोचली आणि इंजिनांना गुळगुळीत अंगरखे चढले. ब्रिटिश अभियंते नायजेल ग्रेस्ली यांच्या ‘मॅलार्ड’ने 3 जुलै 1938 रोजी ताशी 203 किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून अबाधित आहे. तिच्या पाचरीसारख्या तोंडाने धूर वर फेकला जाई आणि ड्रायव्हरला समोरचं दिसे, म्हणजे तिथे सौंदर्य आणि उपयोग एकत्र नांदले. पण त्याच वर्गाच्या इंजिनांच्या चाकांवरची झाकणं युद्धकाळात काढून टाकावी लागली. दुरुस्तीसाठी आत हात घालणं मुश्कील व्हायचं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे डब्ल्यूपी हे वाफेचं इंजिन. 1947 साली अमेरिकेच्या बॉल्डविन कारखान्यातून पहिली 16 आली आणि एकूण 755 झाली. बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक आणि टोकाला चांदणी. वारा कापायला त्या नाकाचा म्हणण्यासारखा उपयोग नव्हता. ती निव्वळ हौस. तरी मला डब्ल्यूपी आवडते, कारण तिने फक्त तोंडापुरता शृंगार केला आणि चाकं, दांड्या सगळं उघडं ठेवलं. पण खरं सौंदर्य मगरीचंच. डब्ल्यूपीचं नाक काढलं तरी ती धावेल, मगरीचं काढलं तर मोटरा ठेवायला जागाच उरत नाही.

घाटातलं काम संपल्यावर या मगरींनी मुंबईत शंटिंगही केलं. त्यांतली एक आज दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभी आहे. स्विस मगर पाहायची तर ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात आहे, आणि गोटहार्डच्या पायथ्याशी एर्स्टफेल्ड स्थानकाजवळही एक मांडून ठेवली आहे. दिल्लीला गेलात तर लोक फोटो काढतात तसे समोर उभे राहू नका. बाजूला या, खाली वाका आणि नाक जिथे मधल्या खोलीला भेटतं तो सांधा शोधा. बोरघाटाची वळणं त्याच्यावरच निभावली होती.