वैद्यकाचे विद्यार्थी आणि मानसोपचार

वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला पुढें कोणती शाखा घ्यावी असा प्रश्न पडतो, तेव्हां त्याच्या मनांत शाखांची एक उतरंड आधींच रचलेली असते. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, अंतर्वैद्यक यांच्या जागा प्रथम भरतात. मानसोपचाराची पाळी बहुधा मागाहून येते. २०१४ सालीं वीस देशांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरें देणाऱ्या २,१९८ विद्यार्थ्यांपैकीं मानसोपचार हीच आपली शाखा असें निश्चयानें सांगणारे शेंकडा साडेचारच निघाले. ही अनास्था एकट्या भारताची नव्हे हें उघड आहे. ती कशांतून उपजते आणि तिची किंमत कोण मोजतो, हें मात्र प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

पहिला आक्षेप शास्त्राचा. विद्यार्थी हृदयाचा आलेख वाचतो, रक्तांतील साखर मोजतो, मोडलेलें हाड छायाचित्रांत बोटानें दाखवूं शकतो. मनोविकारांत असें कांहीं त्याच्या हातीं लागत नाहीं. रोग्याशीं बोलणें, आप्तांना विचारणें व दिवसेंदिवस निरीक्षण करणें, हींच येथलीं मुख्य साधनें. तेव्हां 'हें खरें वैद्यक नव्हे' असा निकाल तो देऊन टाकतो. परंतु या निकालांत एक गोष्ट निसटते. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रोगी असत कीं, ज्यांना प्रथम भ्रम होई, मग बुद्धि जाई व शेवटीं पक्षाघात येई. १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतु दाखवून दिले, आणि पुढें पेनिसिलिननें तो विकार विरळा केला. त्याबरोबर तो मनोविकारांच्या यादींतून निघून जंतुजन्य रोगांत जाऊन बसला. अपस्मारहि असाच मज्जातंतूंच्या वैद्याकडे गेला. ज्या विकाराचें कारण सांपडतें तो शेजारची शाखा घेऊन जाते; ज्याचें सांपडत नाहीं तो मानसोपचाराच्या पदरांत राहतो. निवडलेलें धान्य शेजाऱ्यानें न्यावें आणि सुपांत खडेच उरले म्हणून घरधन्याला हंसावें, तसा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, येथें रोगी बरे होत नाहींत. एके काळीं या म्हणण्यांत तथ्य होतें. १९४६ च्या भोर समितीला सुमारें चाळीस कोटींच्या या देशांत मनोरुग्णांसाठीं दहा हजारांच्या आसपास खाटा आढळल्या. म्हणजे ४०,००० माणसांमागें एक. तेथें उपचारापेक्षां कोंडून ठेवणेंच अधिक चाले. पुढें १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांत केड यांनीं लिथियमचा गुण दाखविला, १९५२ सालीं पॅरिसमध्यें डिले व डेनिकर यांनीं क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सिद्ध केला, आणि वर्षानुवर्षें कोंडलेलीं माणसें घरीं परतूं लागलीं. त्याच्याहि आधीं, १९३१ सालीं, गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यांनीं सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग लिहून ठेवला होता, हें भारतीय विद्यार्थ्यानें विसरूं नये. विजेच्या उपचाराचें भय चित्रपटांनीं वाढविलें आहे. परंतु भूल व स्नायु शिथिल करणारें औषध दिल्यावांचून तो उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची बंदी आहे.

मग विद्यार्थ्याला तेथें निराशाच कां दिसते? कारण तो ज्या दालनांत उभा असतो तेथें जुने व वारंवार उलटलेले रोगीच असतात. औषध घेऊन रोज कचेरींत जाणारा कारकून किंवा संसार सांभाळणारी गृहिणी इस्पितळांत पडून नसते. शिवाय, बरा झालेला पाय मनुष्य चारचौघांत दाखवितो. बरें झालेलें मन तो लपवितो. त्यामुळें या शाखेचें अपयश सर्वांना दिसतें आणि यश कोणालाच दिसत नाहीं.

तिसरें कारण शास्त्रांत नाहीं, घरांत आहे. ठाणें, येरवडें, नागपूर व रत्नागिरी येथें मनोरुग्णालयें आहेत, आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद मराठी माणसाच्या तोंडीं सहज येतो. अशा घरांतील मुलानें मानसोपचाराचें नांव काढलें कीं, 'एवढें शिकून शेवटीं वेड्यांचा डॉक्टर होणार काय?' असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. महाविद्यालयांतहि वडीलधारे शल्यवैद्य तीच थट्टा निराळ्या शब्दांत करतात. थट्टेनें शाखा ओस पडते हें इंग्लंडनें अनुभवलें आहे. तेथें २०१७ सालीं मानसोपचाराच्या पहिल्या वर्षाच्या शिक्षणाच्या जागांपैकीं सुमारें एकतृतीयांश रिकाम्या राहिल्या. मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें अशी हेटाळणी थांबविण्याचें आवाहन केलें, विद्यार्थ्यांपुढें या कामाचें खरें स्वरूप मांडलें, आणि २०२० पर्यंत जवळजवळ सर्व जागा भरल्या. अवघ्या तीन वर्षांत रोगहि बदलले नव्हते, शास्त्रहि बदललें नव्हतें. बदलली होती ती बोलण्याची रीत.

चौथें कारण परीक्षेचें. जें परीक्षेंत येत नाहीं तें विद्यार्थी वाचीत नाहीं, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतें. एम्. बी. बी. एस्. च्या परीक्षेंत मानसोपचाराची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. वैद्यकशास्त्राच्या पत्रिकेंत त्याला कोपरा मिळतो. पूर्वी उमेदवारीच्या वर्षांतहि ही शाखा ऐच्छिक असे. २०२१ च्या नियमांनीं तेथें दोन आठवडे सक्तीचे केले, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. परंतु मनुष्याचें मन ओळखण्यास दोन आठवडे किती अपुरे, हें सांगावयास नको.

या अनास्थेची किंमत कोण मोजतो? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ जणांना त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार असल्याचें आढळलें, आणि बहुतेक विकारांत शेंकडा सत्तरांहून अधिक रोगी उपचारावांचून होते. २०१९ सालच्या एका अंदाजानें देशांत मानसोपचारतज्ज्ञ होते सुमारें ९,०००. म्हणजे दर लाख लोकांमागें पाऊण. २०२२ सालीं देशांत १,७०,९२४ माणसांनीं आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील २२,७४६ एकट्या महाराष्ट्रांतील होत्या, आणि तो आंकडा सर्व राज्यांत मोठा होता.

तज्ज्ञ इतके थोडे असतां बहुसंख्य रोगी प्रथम जातात ते गल्लींतील साध्या डॉक्टराकडे. छाती धडधडते, झोंप येत नाहीं, पोटांत कालवतें, अशी त्यांची तक्रार असते. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो आणि डॉक्टर म्हणतो, 'तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं.' रोगी घरीं परततो तो पूर्वीहून अधिक एकटा होऊन. विद्यार्थिदशेंत ज्या विषयाला हंसण्यावारी नेलें, त्याची उणीव अशा वेळीं भोंवते, आणि ती डॉक्टराला नव्हे, रोग्याला भोंवते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ किती होतील एवढाच हा प्रश्न नाहीं. पुढें नेत्रवैद्य किंवा शल्यवैद्य होणाऱ्यानेंहि उदासीनता ओळखावी, आणि 'जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय?' हें रोग्याला न संकोचतां विचारावें, इतकें तरी त्याला शिकविलें पाहिजे. असें विचारल्यानें तो विचार रोग्याच्या मनांत भरत नाहीं. उलट त्याला बोलण्याची वाट मिळते.

वर सांगितलेल्या वीस देशांच्या पाहणींत ही शाखा निवडणाऱ्यांमध्यें स्वतःला किंवा घरांतील माणसाला मनोविकाराचा अनुभव आलेले विद्यार्थी विशेष होते. दुःख जवळून पाहिलेला तरुण या कामाची योग्यता जाणतो. इतरांनाहि ती जाणवावी यासाठीं बरे होत असलेले रोगी विद्यार्थ्यांच्या हवालीं करणें महाविद्यालयांना शक्य आहे, आणि घरांतील थट्टा थांबविणें वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. मुलगा किंवा मुलगी 'मला मानसोपचार घ्यावयाचा आहे' असें म्हणेल, तेव्हां हाडांच्या वैद्याला जो आदर मिळतो तोच तिलाहि मिळावा. त्याच घरांत उद्यां कोणी मनानें खचला, तर निःसंकोचपणें डॉक्टराकडे जाण्याची वाट त्याच आदरानें मोकळी झालेली असेल.