पाच हजार रात्रींचा नट

२५ जानेवारी २०२३ रोजी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला १२ नावं आली होती. झाकीर हुसेन, सुमन कल्याणपूर, कुमार मंगलम बिर्ला ही वरची नावं. त्याखाली पद्मश्रीच्या रकान्यात, कला या एकाच विभागात, रवीना टंडन आणि परशुराम कोमाजी खुणे. एक हिंदी पडद्यावरची नटी, दुसरा धानाच्या बांधीतला नट. पहिलीची ओळख करून द्यायची कुणाला गरज पडली नाही. दुसऱ्याचा पत्ता मात्र शोधावा लागतो: गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. गंमत अशी की, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही खेड्यात हीच यादी वाचून दाखवली असती, तर टाळ्या कुणाच्या नावाला जास्त पडल्या असत्या, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पुरस्काराच्या परिचयात खुणे यांच्याविषयी दोन आकडे दिले होते. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका. वर्तमानपत्रांनी ते छापले आणि सगळे पुढे गेले. पण झाडीपट्टी या धानाच्या मुलखातल्या नटाचं आयुष्य समजून घ्यायचं तर या आकड्यांपाशीच थांबायला हवं.

झाडीपट्टीचा नाट्यहंगाम भाऊबीज ते होळी असा असतो. रात्री मोजल्या तर सव्वाशेच्या आसपास. एकही रात्र न चुकवता, ताप-खोकला न येता, घरात लग्न-मयत न होता खेळत राहिलं, तरी पाच हजार प्रयोगांना चाळीस हंगाम लागतात. आता दुसरा आकडा घ्या. पाच हजारांना आठशेनं भागलं की सहा येतात. म्हणजे एक भूमिका सरासरी सहा-सात वेळा करायची आणि सोडून द्यायची. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, तेव्हा मराठी रंगभूमीनं तो सोहळा म्हणून साजरा केला आणि ते योग्यच झालं. मात्र मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकात एकच भूमिका शेकडो वेळा घोटून गुळगुळीत करता येते. झाडीत ती चैन नाही. आज वडसा भागात एक नाटक, उद्या सिंदेवाहीकडे दुसरं, परवा धानोऱ्याच्या वाटेवर तिसरं. कारण प्रेक्षक तोच आहे. दहा-बारा मैलांच्या टापूतली माणसं पाहुण्याच्या गावी, सासरी, मावशीकडे जाऊन एका हंगामात कितीतरी नाटकं पाहतात. मागल्या साली पाहिलेलंच पुन्हा दाखवलं, तर मंडळाला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

हा सगळा व्यवहार धानावर उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे पूर्वेकडचे तालुके, गडचिरोलीचे देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, धानोरा, चामोर्शी, आणि वैनगंगेच्या वरच्या अंगाला भंडारा-गोंदिया, हा झाडीपट्टीचा मुलूख. चंद्रपूरची कोळशाची बाजू याहून वेगळी. गडचिरोलीच्या दक्षिणेला अहेरी-भामरागडकडे गेलं की माडिया आणि तेलुगू कानावर येऊ लागते. झाडीत पाऊस संपला, हलका धान निघाला, हातात थोडा पैसा आला की मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे उतरतात, मुलगी दाखवण्याचे कार्यक्रमही त्यातच उरकतात. नाटक गावातलं मंडळ आणतं, तिकिटं लावतं, उरलेला पैसा देवळाला, शाळेला किंवा पुढल्या पटाला जातो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, त्या मधल्या साडेसात वर्षांत पट नव्हता. नाटक मात्र होतंच. दिवसाचं आकर्षण गेलं तरी रात्र टिकली, ही या रंगभूमीच्या ताकदीची खूण आहे.

धंद्याचं केंद्र वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वे स्टेशनच्या पाटीवर वडसा. दिवाळीआधी इथं नाट्यसंस्थांची कार्यालयं उघडतात, बाहेर फलक लागतात, गावोगावचे मंडळवाले येऊन नाटक, तारीख आणि रक्कम ठरवून जातात. दुपारी गाडी निघते. सामान, पडदे, वादक, नटनट्या सगळं त्यातच. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटे चार-पाचला नाटक संपतं. तेवढ्यात संगीत, मारामारी, रडारड, विनोद, मधूनच लावणी किंवा नाच, असं सगळं झालं पाहिजे. समोर दोन-तीन हजार माणसं थंडीत चादरी पांघरून बसलेली असतात. खुर्चीवाले पुढं, जमिनीवाले मागं. सकाळी नट गाडीत झोपतो, दुपारी पुन्हा गाडी.

अशा वेळापत्रकात तालमीला वेळ कुठून येणार? म्हणून प्रॉम्प्टर. शहरी समीक्षक याच्यावर नाक मुरडतात. वाक्य विंगेतून आधी ऐकू येतं आणि नटाच्या तोंडून मागाहून, असा टोमणा आहेच. टोमणा खोटा नाही. तरी कानावर पडलेलं वाक्य निम्म्या क्षणात उचलून, त्याला आपली चाल देऊन, हजारो माणसांना हसवणं हे वेगळ्या जातीचं कसब आहे. पाठ केलेल्या नटाला ते जमेलच असं नाही. विशेषतः विनोदी नटाला संहिता नावापुरतीच असते. नायक-नायिका बहुधा पुस्तकी मराठीत रडतात, भांडतात, प्रेम करतात; विनोदी पात्र झाडीबोलीत बोलतं. शाळेला शारा आणि डोळ्याला डोरा म्हणणारा हा माणूस रंगमंचावर आला की कनातीच्या मागच्या टोकाला बसलेली म्हातारीही सावरून बसते. रात्री दोनच्या सुमारास डुलक्या घेणाऱ्या गावाला पहाटेपर्यंत जागं ठेवायचं काम त्याच्याकडेच असतं.

खुणे हे असे विनोदी नट. पेशानं शेतकरी, आणि शेती त्यांच्या कारकिर्दीपासून वेगळी काढता येत नाही. मानधन रात्रीवर ठरतं, होळी पेटली की रात्री संपतात. उरलेले सात महिने इथला नट नांगर धरतो, नाहीतर दुकान चालवतो, शिक्षक असेल तर शाळेत जातो, चित्रकार असेल तर पाट्या रंगवतो.

त्यांच्या गाजलेल्या भूमिकांत ‘एकच प्याला’मधला तळीराम सांगितला जातो. इथं जरा रेंगाळावंसं वाटतं. गडकऱ्यांनी हे नाटक लिहिलं आणि जानेवारी १९१९ मध्ये विदर्भातच, सावनेरला, देह ठेवला. रंगमंचावर आलेला तळीराम त्यांनी पाहिलाच नाही. पुढं हा तळीराम वैनगंगेच्या खोऱ्यात पोचला आणि ज्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथल्या नटाच्या नावाशी जोडला गेला. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. त्यावरून झालेले वाद अजून शमलेले नाहीत. ज्या गावात दारूवरून बायकांनी मोर्चे काढले, तिथं तळीरामाची मंडळी प्याला उंचावतात तेव्हा हशा पुण्यातल्या हशासारखा असत नाही. त्यात ओळखीचा माणूस सापडल्याचा हशा असतो. शंभर वर्षं जुन्या नाटकाला असा ताजा प्रेक्षक दुसरीकडे कुठं मिळतो, मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी माओवाद्यांनी सुरुंग उडवला. १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. त्याच तालुक्यातला हा नट आयुष्यभर रात्रीच्या रस्त्यांवर फिरला. वाट चुकलेल्या तरुणांच्या पुनर्वसनाच्या कामातला त्यांचा सहभाग पद्म परिचयात नोंदला आहे.

खुण्यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात प्रेमच आहे, तरी हे बिरुद मला पुरतं पटत नाही. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यातून गाजले, १९६९ च्या ‘तांबडी माती’तून पडद्यावर आले, १९७१ च्या ‘सोंगाड्या’नं चित्रपटगृहं भरली आणि मग त्यांना रंगमंचाची गरज राहिली नाही. खुणे मंचावरच राहिले. एकाची कारकीर्द मंच सोडून वाढली, दुसऱ्याची मंच न सोडता. तरीही मंचावरच्या माणसाचं मोठेपण सांगायला पडद्यावरच्या माणसाचंच नाव उसनं घ्यावं लागतं.

हाच प्रकार फलकांवर दिसतो. गेली काही वर्षं झाडीत मुंबईचे चित्रपट-मालिकांतले चेहरे आणायची चाल पडली आहे. मोहन जोशी, रमेश भाटकर यांच्यासारखे नामवंत इथं काम करून गेले. ‘टीव्ही स्टार’ असं ठळक छापलं की नाटक लवकर ठरतं, हे संस्थाचालकांचं गणित. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. मोठ्या नटांनी इथल्या थंडीत पहाटेपर्यंत उभं राहून काम केलं, याचं कौतुकही आहे. पण तिकीट फलकावरच्या चेहऱ्यावर विकलं गेलं तरी पहाटेपर्यंतची रात्र स्थानिक विनोदी नट, गायिका आणि वादकांच्या जिवावर निघते. त्यांची नावं फलकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

पडद्याची वाट उलट्या दिशेनं जवळपास बंदच राहिली. हेमलकसाची गोष्ट सांगणारा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ २०१४ मध्ये आला, तेव्हा कथा भामरागडची होती आणि नट नाना पाटेकर. नानांनी काम चोख केलं. मुद्दा तो नाही. गडचिरोलीतून चित्रपटाला गोष्ट हवी असते, माणूस सहसा नको असतो. याला सणसणीत अपवाद तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’चा. ३ जून २०२२ ला प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा विषयच झाडीपट्टी रंगभूमी, आणि त्यात इथल्याच कलावंतांनी कामं केली. रात्रीची धावपळ, पेंडॉलमागची भांडणं, पैशाची ओढाताण, सगळं तिथं आहे. चित्रपटगृहांत तो फार टिकला नाही. मराठी प्रेक्षकानं एक चांगली संधी घालवली, असं माझं मत आहे.

तोवर दोन हंगाम करोनानं खाल्ले होते. रात्रीवर पोट असणाऱ्या वादकांना आणि नट्यांना त्याचा फटका सर्वांत जास्त बसला. शेती असलेला नट तरी तगला.

पाच हजार प्रयोगांचा पुरावा काय, हा या लेखातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. चित्रपटातल्या नटाचं काम रिळावर, आता फोनवर, कायम राहतं. ‘सोंगाड्या’ आजही पाहता येतो. झाडीतल्या नटाची ऐंशीच्या दशकातली एखादी रात्र पाहायची म्हटलं तर कुठं जाणार? अलीकडची नाटकं यूट्यूबवर पुष्कळ आहेत. कुणीतरी मोबाइलनं केलेली, आवाज फाटलेली, पण आहेत. त्याआधीचं हँडबिलांत, वह्यांत आणि म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या आठवणींत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीसारख्या लोकप्रकारांवर आणि झाडीबोलीवर आयुष्य खर्चून काम केलं, म्हणून तेवढं तरी कागदावर आलं. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर ‘आत्महत्या’सारखं नाटक या मंचावर उभं केलं. अशा नाटकांच्या संहिता एका जागी मिळायला हव्यात.

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत उभं आहे. झाडीपट्टीच्या नटांच्या मुलाखती, प्रॉम्प्टरच्या वह्या, फलक, हिशेबाची पुस्तकं मागून घेऊन जपण्याचं काम या विद्यापीठानं अंगावर घ्यावं. वडशाच्या संस्थांनी आपली जुनी कपाटं त्यासाठी उघडावीत. आणि वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर एखाद्या मंडईचं पिवळं पडलेलं हँडबिल असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. त्यावर गाव, तारीख आणि नटांची नावं छापलेली असतात.