दिसले तेवढेच वाघ?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात मचाणावर बसून आलेल्या माणसाला सकाळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वाघ दिसले? वन्यजीवांवर पीएचडी करायचं म्हणत असाल, तर हा प्रश्न थोडा फिरवून विचारायची सवय आत्तापासूनच लावून घ्या. जेवढे होते, त्यांतले किती दिसले?

मचाणावरची रात्र मजेची असते, पण त्या रात्रीचा आकडा पाणवठ्यावर कोण आलं एवढंच सांगतो. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून जंगलात डबकी साचली, की तोच आकडा खाली येतो. म्हणून जनावरं कमी झाली असं कुणी म्हणणार नाही.

आता मोठं उदाहरण. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे ७६,६५१. पट्टे जुळवल्यावर वेगवेगळे वाघ भरले २,४६१. पण अहवालातला देशाचा आकडा आहे २,९६७, आणि तोही २,६०३ ते ३,३४६ या पट्ट्यात. म्हणजे मधले पाचशेच्या वर वाघ एकाही कॅमेऱ्यात आले नाहीत. काही कॅमेऱ्यांना चुकवून गेले, काही कॅमेरे नसलेल्या जंगलातले. त्यांचा अंदाज खुणा, भक्ष्य आणि अधिवासावरून बांधला गेला. पहिल्या प्रकारच्या वाघांचा हिशोब कसा लावतात ते बघू.

समजा (आकडे माझ्या मनचे आहेत), तुम्ही ब्रह्मपुरीच्या एका पट्ट्यात कॅमेरे लावले. पहिल्या फेरीत २० वाघ ओळखले, दुसऱ्या फेरीत १८. या १८ पैकी १२ पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे आधी माहीत असलेल्या २० पैकी १२, साठ टक्के, पुन्हा सापडले. दुसऱ्या फेरीतले १८ हेही एकूण वाघांच्या साठ टक्केच धरले, तर एकूण झाले ३०. प्रत्यक्ष ओळखलेले मात्र २६ (२० + ६ नवे). हीच कॅप्चर-रिकॅप्चर पद्धत. तो साठ टक्क्यांचा आकडा म्हणजे पेपरांमधली ‘डिटेक्शन प्रॉबेबिलिटी’. सॉफ्टवेअर कितीही भारी वापरा, गाभा इतकाच.

गणित सोपं आहे, अटी अवघड आहेत. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात, म्हणून प्रत्येक जागी समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. मोजणी चालू असताना जन्म, मृत्यू, ये-जा जवळपास होत नाही असं धरलेलं असतं, म्हणून काम थोडक्या आठवड्यांत उरकावं लागतं. शिवाय सगळे वाघ सारखे फिरत नाहीत. लहान पिलं असलेली वाघीण थोड्याच जागेत राहते. तिथे तुमचा कॅमेरा नसेल तर ती तुमच्यासाठी नाहीच.

के. उल्लास कारंत यांनी नागरहोळेतल्या वाघांवर ही पद्धत वापरून १९९५ मध्ये निबंध छापला. त्या काळी आपल्याकडे पावलांचे ठसे काचेवर उतरवून वाघ मोजत. २००५ मध्ये सरिस्कातले सगळे वाघ संपल्याचं उघड झालं आणि मगच ठशांवरचा भरवसा उडाला. कारंतांची पद्धत तोवर दक्षिण अमेरिकेतही गेली होती. बोलिव्हियातल्या जंगलांत जग्वार तिच्याच आधारे मोजले गेले, कारण जग्वारचे ठिपकेही प्रत्येकाचे वेगळे. प्यूमा मात्र एकरंगी. तिथे जुन्या जखमांच्या खुणा, शेपटीची वळणं पाहून ओळख पटवायचा प्रयत्न झाला; तीन जणांनी तेच फोटो स्वतंत्रपणे पाहिले, तेव्हा त्यांची उत्तरं सगळीकडे जुळली नाहीत. आपल्याकडे अस्वल, रानकुत्रे, रानडुक्कर यांची हीच गत. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये ‘कॅमेरा ट्रॅपने अस्वलांची संख्या काढणार’ असं लिहिण्याआधी, एक अस्वल दुसऱ्यापासून कसं ओळखणार ते स्वतःला विचारा. गाईड विचारणारच आहेत.

हे सगळं कशासाठी? चंद्रपूर जिल्ह्यात बरेच वाघ व्याघ्र प्रकल्पाबाहेर, गावांना लागून असलेल्या जंगलात राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला माणसं त्याच जंगलात जातात, आणि काही परत येत नाहीत. वाघ दुसरीकडे हलवायचे का, किती, कोणते, हे निर्णय घेतले जातात. मे २०२३ मध्ये याच भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या होत्या. अशा निर्णयामागचा आकडा ‘दिसलेले’ आहे की ‘असलेले’, याने खूप फरक पडतो.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत आलात की प्रश्न उलटा होतो. दक्षिण गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीकडे, वाघ विरळ आणि अभ्यासही विरळ. अशा ठिकाणी तुमच्या फॉर्मवर ‘शून्य’ येण्याची शक्यता जास्त, आणि ते शून्य पुढे रस्त्याच्या किंवा खाणीच्या कागदपत्रांत ‘येथे वाघ नाही’ असं वाचलं जाऊ शकतं. समजा वाघ आहे, आणि एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता ३० टक्के. एकाच फेरीत काम आटोपलंत, तर शंभरपैकी ७० वेळा तुम्ही ‘नाही’ लिहून परत याल. पाच फेऱ्या केल्यात तरी साधारण १७ वेळा. ही चूक पाच टक्क्यांच्या खाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. फेलोशिपच्या अर्जात पेट्रोल आणि वाटाड्याच्या मजुरीचा रकाना भरताना नऊच फेऱ्या धरा.