सळया वर राहिल्या, माणसं राहायला आली

यवतमाळच्या कुठल्याही गच्चीवर उभं राहा, आजूबाजूच्या छतांवर गंजलेल्या सळया दिसतात. खाली दुकान, वर घर आणि त्याच्याही वर पोराच्या लग्नापर्यंत राहिलेला मजला. पैसा आला तसं घर वाढलं. कागद मात्र वाढला नाही.

भोगवटा म्हटलं की आपल्याकडे आधी सातबारा आठवतो, वर्ग-1 की वर्ग-2. इमारत राहण्यायोग्य असल्याचा भोगवटा दाखला कोणी मागतच नव्हतं. वडगाव, उमरसरा, लोहारा ही गावं शहरात आली ती ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरकराचा उतारा, घेऊन. कराची पावती हाच घराचा पुरावा, अशी तिथली समजूत.

कायदा मात्र केव्हाचाच कडक होता. सदनिकांच्या मालकीबाबतच्या 1963 च्या मोफा कायद्याने पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा द्यायला बिल्डरला मनाई केलीच, पण तो घ्यायला खरेदीदारालाही केली. मला यातला अन्याय इथे दिसतो: राहणारा बांधला गेला, पण दाखला मागायचा हक्क त्याच्याकडे आलाच नाही. 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यवतमाळलाही लागू आहे. तयार झालेल्या भागापुरता अंशतः भोगवटा तिच्यात मिळतो. पण अर्ज करायचा तो बांधकाम परवानगी ज्याच्या नावावर, त्याने. तो वारला असेल, फ्लॅट विकून निघून गेला असेल, तर पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाने काय करायचं?

मुंबईच्या समृद्धी सोसायटीने हेच भोगलं. 1997 पासून लोक राहत होते, दाखला नव्हता. मालमत्ता कर 25 टक्के जादा, पाणीपट्टी 50 टक्के जादा. अखेर 11 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दाखला न देणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे आणि दाखला मिळेपर्यंत ती चूक रोज चालूच राहते. पंचवीस वर्षांनी!

पुढे सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईतल्या अशा 25 हजारांहून अधिक इमारतींसाठी धोरण जाहीर झालं. त्यात सोसायटीबरोबर एकट्या सदनिकाधारकालाही आपल्या भागापुरता अर्ज करण्याची मुभा सांगितली गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच राहणाऱ्या माणसाचा विचार आधी झाला, म्हणून मला ही घोषणा मोठी वाटते.

ती मुंबईपुरती आहे. यवतमाळ, पुसद, वणीतल्या पहिल्या मजल्यांवर अजून कराच्या पावत्याच जपून ठेवल्या जातात, आणि कर्जासाठी गेलं की बँक विचारते, भोगवटा कुठे आहे?