पंपाविना टिकणारी पोकळी

अचूक मोजमापासाठी अणूंसारखा दुसरा मापाडी नाही. लेझरच्या साहाय्याने रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्य तापमानाच्या अगदी जवळ नेले, की ते जवळजवळ थबकतात. मग त्यांच्यावरून वेगातला बदल, फिरणे आणि गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजता येते. मात्र हवेचा एखादा भटका रेणू धडकला, तरी थंड अणू जागेवरून उडून जातो. म्हणून त्यांच्याभोवती अतिशय कडक निर्वात पोकळी लागते.

प्रयोगशाळेत ती विजेवर अखंड चालणारे पंप राखतात. पण जहाजावर, विमानात हा पसारा कसा न्यायचा? अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२१ मध्ये एक उत्तर मांडले: अव्हाकाडोएवढी टायटॅनियमची बंद कुपी, तिला सफायर स्फटिकाच्या खिडक्या. साध्या काचेतून हेलियम हळूहळू आत झिरपतो; टायटॅनियम आणि सफायर त्याला अडवतात. उरलेसुरले वायू ‘गेटर’ नावाच्या, पेन्सिलीच्या खोडरबराएवढ्या गोळ्या रासायनिक क्रियेने धरून ठेवतात. बंद केल्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ ही कुपी पंपाविना काम देत राहिली.

उपग्रहांचे संकेत तुटले तरी अणूंच्या अशा मोजमापावरून वाट दाखवणारे यंत्र हवे असेल, तर आधी अशी टिकाऊ पोकळी हवी.